सातबारा मामाजींच्या नावावर, आणि त्यांनाच पत्ता नाही

सिस्टर ताई, नमस्कार.
मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली सून. आमचे मामाजी ६१ वर्षांचे. पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. दिवाळीनंतर त्यांचं जेवण कमी झालं, संक्रांतीला डोळे पिवळे दिसायला लागले. शेजारच्या गावात काविळीचं औषध देतात, ते दोन आठवडे घेतलं, उतार नाही. मग यवतमाळला सोनोग्राफी, नागपूरला सीटी आणि सुईनं तुकडा काढला. रिपोर्टवर 'इंट्राहेपॅटिक कोलँजिओकार्सिनोमा' लिहिलं आहे. गाठी लिव्हरच्या दोन्ही बाजूंना आहेत, ऑपरेशन होणार नाही म्हणाले. आत नळी टाकली, कावीळ उतरते आहे. आता डॉक्टर म्हणतात, केमो आणि इम्युनोथेरपी दोन्ही सोबत देऊ. आमच्या गावात एकाच्या वडिलांनाही लिव्हरचाच कॅन्सर होता, त्यांना नुसती इम्युनो दिली, केमो नाही. मग आमच्याच माणसाला दोन्ही कशाला? केमोनं माणूस खचतो म्हणतात. माझे मालक आणि दीर दोन एकर विकायला निघाले आहेत, गिऱ्हाईकही येऊन गेलं. मामाजींना 'लिव्हरला सूज आहे' एवढंच सांगितलं. आत्याबाई रोज गुळवेलाचा काढा देतात. काय करावं?
— एक सून

पोरी,

रिपोर्टवरचा तो अवघड शब्द तू अक्षर अक्षर उतरवून पाठवलास, हे फार चांगलं केलंस. नुसतं 'लिव्हरचा कॅन्सर' लिहिलं असतंस तर मला धड उत्तर देता आलं नसतं. मी डॉक्टर नाही. नागपुरात केमोच्या वॉर्डात २८ वर्षं सलाईनी लावल्या, आता घरी बसून पत्रं वाचते. म्हणून हे डॉक्टरांच्या जागी वाचू नकोस, त्यांच्यापुढे बसायच्या आधी वाच.

आधी त्या गाववाल्या वडिलांचं बघू, कारण तुझा सगळा गोंधळ तिथून सुरू झाला आहे. त्यांचा नि मामाजींचा आजार बहुधा वेगळा. लिव्हरच्या स्वतःच्या पेशींत जो कॅन्सर होतो तो बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या लिव्हरमध्ये उगवतो: हेपॅटायटिस बी किंवा सी, वर्षानुवर्षांची दारू, नाहीतर चरबी आणि शुगर. त्यावर सलाईनमधून दिलेली केमो कधीच फारशी चालली नाही. २०२० पासून तिथं अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी देतात. पहिलं इंजेक्शन इम्युनोथेरपीचं, दुसरं गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या नसा रोखणारं. ज्या मोठ्या अभ्यासातून ही जोडी आली त्यात जुन्या गोळीवरचे रुग्ण साधारण १३.४ महिने जगले, जोडीवरचे १९.२ महिने. म्हणजे त्यांना केमो चुकवून काही सोपं औषध दिलं असं नाही; त्यांच्या आजाराचं औषधच ते होतं. आणखी एक तिसरा प्रकार असतो: आतडं, पोट, स्तन अशा दुसऱ्या अवयवातून लिव्हरमध्ये उतरलेला. त्याला औषध मूळ अवयवाचं लागतं. तिघांनाही गावात एकच नाव, 'लिव्हरचा कॅन्सर', आणि मग पारावर बसून एकाच्या औषधावरून दुसऱ्याचं औषध ठरतं.

मामाजींचा कॅन्सर लिव्हरमधून पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत सुरू झालेला आहे. हा केमोला थोडी दाद देतो. २०१० मध्ये इंग्लंडच्या एका अभ्यासात दिसलं की नुसतं जेमसिटाबिन घेणारे साधारण ८.१ महिने जगले आणि त्याला सिसप्लॅटिन जोडलं तर ११.७ महिने. पुढची बारा वर्षं जगभर हीच जोडी पहिलं औषध म्हणून दिली गेली. २०२२ मध्ये तिला ड्युरव्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन जोडून ६८५ रुग्णांवर पाहिलं, आणि त्यानंतर पेम्ब्रोलिझुमॅब जोडून १०६९ रुग्णांवर. दोन्हीकडे फायदा दिसला. तेव्हा तुमचे डॉक्टर काही प्रयोग करत नाहीत. या आजारात आज जे पहिलं द्यायचं तेच सांगत आहेत.

आता दोन्ही सोबत का, ते. तुमच्याकडे रानडुकरांसाठी शेतात जागलीवर झोपतात ना? आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे जागले. पण लिव्हरमधला जागल्या मुळातच शांत स्वभावाचा. आतड्यातून येणारं सगळं रक्त, त्यात खाल्ल्या-प्यायल्याचा अंश, आधी लिव्हरमधून जातं. प्रत्येक नव्या गोष्टीवर तो आरडाओरड करायला लागला तर लिव्हरच सुजून बसेल, म्हणून निसर्गानं त्याला सहनशील ठेवलं आहे. कॅन्सर याचाच फायदा घेतो आणि वरून त्याला गुंगी देतो. इम्युनोथेरपी ती गुंगी उतरवते. मात्र जागल्या जागा झाला तरी छातीएवढ्या उभ्या तुरीत त्याला डुक्कर दिसत नाही. केमो ती तूर विरळ करते: कॅन्सरच्या पेशी मारते, आणि त्या मरताना जे बाहेर सांडतं त्यावरून जागल्याला माग लागतो. या आजारात नुसती इम्युनो दिली तर फार थोड्यांना गुण येतो. म्हणून चुलत्या-मामांपैकी कुणी 'केमो काढा, नुसतं महागडं इंजेक्शन द्या' म्हणालं तर ऐकू नका. दोघांतलं एक वगळायची वेळ आलीच तर वगळायचं ते इम्युनोचं इंजेक्शन, केमो नाही.

हे शेवटचं वाक्य तुझ्या मालकांना वाचून दाखव, कारण पुढे जमिनीचं येतं.

फायदा किती, तो आकड्यात सांगते. ड्युरव्हॅलुमॅबच्या अभ्यासात रुग्ण किती जगले या क्रमानं रांगेत उभे केले, तर मधला माणूस नुसत्या केमोवर ११.५ महिने जगला आणि दोन्हींवर १२.८ महिने. फरक सव्वा महिन्याचा. हे ऐकून दीर म्हणतील, एवढ्यासाठी? पण रांगेचं टोक बघा. दोन वर्षांनी नुसत्या केमोवरचे शंभरात दहा जिवंत होते, दोन्हींवरचे शंभरात पंचवीस. म्हणजे बहुतेकांना थोडंच मिळतं आणि काही थोड्यांना बरंच. आपला माणूस कुठल्या गटातला हे सुरू करण्याआधी कुणालाच सांगता येत नाही. अभ्यासातले रुग्णही हिंडते-फिरते होते, अंथरुणाला खिळलेले नव्हते.

म्हणून माझं मत असं. दोन एकर आज विकू नका. इम्युनोचं इंजेक्शन पूर्ण किमतीला घेतलं तर एका डोसाचा हिशेब लाखांत जातो आणि ते महिनोन्महिने चालतं. दोन एकराचे पैसे कधी संपले ते कळणारही नाही. आधी नुसती केमो महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून सुरू होते का ते बघा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता पांढरं रेशन कार्डही चालतं. दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल असतं. त्याला 'कॅन्सर योजनेत बसतो का' असं मोघम विचारू नका. औषधांची नावं लिहून न्या आणि एकेक विचारा: जेमसिटाबिन बसतं का, सिसप्लॅटिन बसतं का, ड्युरव्हॅलुमॅब बसतं का. पहिली दोन बसली आणि तिसरं नाही बसलं, तरी 'आमच्या माणसाला इलाजच मिळाला नाही' असं मनात आणू नका. योजनेचा फोन १५५३८८.

तिसऱ्यासाठी वाटा आहेत, पण खेटे घालावे लागतात. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ज्या तीन कॅन्सर औषधांचं सीमाशुल्क माफ झालं त्यात ड्युरव्हॅलुमॅब होतं, त्यामुळं पूर्वी ऐकलेली किंमत धरू नका, आजची विचारा. कंपन्यांच्या काही डोस विकत, काही मोफत अशा योजना असतात; त्याचा अर्ज डॉक्टरांच्या सहीनंच होतो. ट्रस्टच्या दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवायचा नियम आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, मार्चअखेरच्या गर्दीत तो वेळ खातो. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही सोबत टाका. हे सगळं करूनही जो आकडा उरेल तो कागदावर मांडा आणि मगच जमिनीचा विषय काढा. गिऱ्हाईक थांबेल. नाही थांबलं तर दुसरं येईल.

मुंबईला जायला हवं का, हे तू विचारलं नाहीस, पण घरात कुणीतरी विचारणारच. औषधं तीच आहेत. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, एम्स; वर्धेकडे सेवाग्राम आणि सावंगी. रिपोर्टवर दुसरं मत घ्यायला टाटाला एकदा जरूर जा, दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, आपल्या शेंडगावच्या माणसाच्या नावाची. पण दर तीन आठवड्यांत दोनदा सलाईन घ्यायला मुंबई नको. त्यात पैशाआधी माणूस संपतो.

दोनदा का, तर केमो पहिल्या दिवशी आणि आठव्या दिवशी असते, मग एक आठवडा सुट्टी, असे साधारण आठ फेरे. इम्युनोचं इंजेक्शन फक्त पहिल्या दिवशी. ड्युरव्हॅलुमॅब असेल तर फेरे संपले की केमो थांबते आणि इम्युनो एकटं चालू राहतं, महिन्यातून एकदा. आठव्या दिवसाची केमो यवतमाळला मिळेल का, हे डॉक्टरांना तोंडानं विचारा. जिल्हा रुग्णालयांत डे-केअर केमोची सोय वाढवायची घोषणा केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली आहे. एक जरी फेरी वाचली तरी नागपूरला जायचा-यायचा लांबचा प्रवास वाचतो. दुसरं असं विचारा की पहिला सीटी कधी. दोन-अडीच महिन्यांनी गाठ वाढलेली दिसली तर तेच औषध पुढे ओढण्यात अर्थ नसतो. तिसरं, काढलेल्या तुकड्यावर जनुकांची तपासणी होईल का. या प्रकारात काही जणांत असे बदल सापडतात ज्यांच्यावर वेगळी गोळी चालते. आणि हेपॅटायटिस बीची तपासणी झाली का, कारण तो विषाणू अंगात दबून असेल तर केमोत उसळतो. त्याच्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात.

केमो सुरू व्हायच्या आधी बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, पुरेसं खाली यायला हवं. डॉक्टर 'थोडं थांबू' म्हणाले तर ते टाळत आहेत असं समजू नका, नळीला काम करायला वेळ देत आहेत. या नळीचं एक कायमचं लक्षात ठेव: थंडी वाजून ताप आला, लघवी पुन्हा गडद झाली, तर नळी तुंबून आत पू होत असतो. तो सकाळपर्यंत थांबायचा ताप नाही. केमो सुरू झाल्यावर तर १००.४ च्या वर गेलेला कुठलाही ताप तसाच. घरी थर्मामीटर आणा, हात कपाळाला लावून चालणार नाही.

आणि आपलं ऊन. सिसप्लॅटिन किडनीवर भार टाकतं, म्हणून आधी-नंतर सलाईनीचं पाणी चढवतात. एप्रिल-मेमध्ये ४५ डिग्रीत दुपारच्या एसटीनं आणलंत तर ते पाणी पांढरकवड्याच्या फाट्यावरच घामातून जाईल. पहाटेची गाडी धरा, रात्री उशिरा परता. उलट्यांमुळं पाणी पोटात राहत नसेल तर घरी ओआरएस पाजत दोन दिवस काढू नका, दवाखाना गाठा. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून द्यायच्या नाहीत. त्यातल्या बऱ्याच किडनीला घातक, आणि सिसप्लॅटिनसोबत दुप्पट. दुखतं तर डॉक्टरांना सांगा. मॉर्फिन दिलं तर 'सवय लागेल' म्हणून गोळी लपवून ठेवू नका. मी वॉर्डात कितीतरी मुलांना ती खिशातून काढायला लावली आहे.

केमोचे त्रास लगेच दिसतात, म्हणून घाबरवतात. मला जास्त भीती इम्युनोची वाटते, ती त्याच्या उशिरानं. जागवलेला जागल्या कधी घरच्याच माणसावर काठी उगारतो. थोड्याच जणांना होतं, पण ज्यांना होतं त्यांना दोन महिन्यांनी, कधी औषध बंद झाल्यावरसुद्धा. माझ्या वॉर्डातले एक काका आठ दिवस गावात हगवणीच्या गोळ्या खात होते. रोज सात-आठ वेळा. गावच्या डॉक्टरांचा दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की यांना इम्युनो चालू आहे. ती हगवण पोटातल्या जंतूंची नव्हती, आतडं आपल्याच पेशींनी सुजवलं होतं, आणि तिला स्टेरॉइड लागतं. जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: 'या रुग्णाला कॅन्सरची इम्युनोथेरपी चालू आहे', खाली नागपूरच्या डॉक्टरांचा नंबर. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर तो आधी पुढे करायचा. जुलाब, कोरडा खोकला आणि दम, अंगावर पुरळ, पुन्हा पिवळे डोळे, किंवा दिवसभर उठवतच नाही असा थकवा, यातलं काहीही झालं तर फोन. त्या थकव्यामागं कधी थायरॉइड असतो, आणि एका गोळीनं माणूस पुन्हा ओट्यावर येऊन बसतो.

गुळवेल बंद. आज. आत्याबाईंना वाईट वाटेल हे मला कळतं, रात्री भिजत घालून सकाळी उकळून देण्यात त्यांचा जीव गुंतला असेल. पण घोळ 'प्रतिकारशक्ती' या शब्दानं केला आहे. लोकांना वाटतं इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध, मग काढ्यानं आणखी वाढू दे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले. स्वतःच्याच पेशी लिव्हरवर उलटल्यासारखी ती इजा होती. आता विचार कर, वरून इम्युनोही चालू आहे आणि लिव्हर सुजलं, तर डॉक्टरांनी दोष कुणाला द्यायचा? मग दोन्ही औषधं थांबतात, आणि वेळ जातो. काविळीच्या त्या झाडपाल्याचंही तेच.

आत्याबाईंना दुसरं काम द्या. हळद पिवळी म्हणून बंद, तेल बंद, वरणही पातळ, असं काविळीचं पथ्य अजून चालू असेल तर ते मोडायला सांगा. भाकर, घट्ट वरण, उकडलेलं अंडं, ताजं दही, चालत असेल तर मटणाचा नीट शिजवलेला रस्सा. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. कच्ची काकडी-टमाटे तेवढे टाळा. दर रविवारी गोदामातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहा.

आता शेवटचं. पत्रात तू ते एका ओळीत उरकलंस, मला मात्र तीच ओळ दोनदा वाचावी लागली. दोन एकर विकायला निघालात. सातबारा कुणाच्या नावावर आहे? मामाजींच्या असणार. म्हणजे तालुक्याला रजिस्ट्री ऑफिसात त्यांना नेणार, कॅमेऱ्यापुढे बसवून अंगठा-सही घेणार, आणि तेव्हाही 'लिव्हरला सूज आहे' एवढंच म्हणणार? सुजेसाठी कोणी वावर विकत नाही, हे त्यांना तुमच्याआधी कळलं असेल. ज्यांनी चाळीस पावसाळे ढगाकडे बघून पेरणीचा दिवस ठरवला त्यांच्यापासून तुम्ही केमोच्या वॉर्डात काय लपवणार आहात? शेजारच्या खाटेवरचा माणूसच पहिल्या दिवशी विचारेल, तुम्हाला कुठला?

केमोला बसायच्या आधी सांगा. सगळ्यांनी घेराव घालून नको. ते ज्याचं ऐकतात त्या एकानं, तुझे मालक असतील नाहीतर तू. बऱ्याच घरांत सुनेशीच सासरे मोकळे बोलतात. आधी विचारायचं, 'मामाजी, तुम्हाला काय वाटते, काय झालं असंल?' आणि थांबायचं. बहुतेक वेळा शब्द तेच उच्चारतात. मग खोटं बोलायचं नाही: हो, पित्ताच्या नळीचा आहे, कापून निघत नाही, औषधानं आवरायचा प्रयत्न आहे, त्रास होईल, आम्ही सोबत आहोत. किती दिवस, असं विचारलं तर डॉक्टरांपुढे बसवून त्यांनाच विचारू द्या. विचारलं नाही तर आपण होऊन महिने मोजून दाखवायची गरज नाही.

आणि मग जमिनीचं त्यांना विचारा. मी पाहिलेल्या कितीतरी बापांनी सांगितलं आहे, केमो घेतो, वावराला हात लावू नका. काहींनी उलट सांगितलं, विका, मला नातीचं लग्न बघायचं आहे. दोन्ही उत्तरं बरोबर होती, कारण ती त्यांची होती.

बिलिरुबिनचा पुढचा आकडा आला आणि आरोग्यमित्रानं त्या तीन नावांवर काय उत्तर दिलं ते कळलं, की लगेच लिही. यावेळी पत्रावर मामाजींनाही दोन ओळी लिहू दे.

तुझी,
सिस्टर ताई